दोन नळकांडी की तीन?

हौशी : मिनेसोटात राहून कुटुंबासाठी बोट घ्यायची तर ती पाँटूनच, यावर मला वाद घालायचा नाही. उन्हाळ्यात आपल्या घरांत तीन पिढ्या असतात. सहा महिन्यांसाठी पुण्या-नाशिकहून आलेले आई-बाबा, सुट्टी लागलेली मुलं, आणि शुक्रवारी दुपारपासूनच लॅपटॉप मिटायची वाट बघणारे आपण. या सगळ्यांना एका वेळी पाण्यावर नेईल असं दुसरं काही दाखवा. साध्या मोटरबोटीत चढायचं म्हणजे काठ ओलांडून डुलणाऱ्या तळात पाय टाकायचा. सत्तरीतल्या गुडघ्यांना ते नको असतं. पाँटूनचा डेक सपाट, डॉकच्या जवळपास पातळीत. फाटक उघडायचं आणि चालत आत जायचं. कोकणातल्या माणसाला सांगायचं तर जंगलजेटीचं धाकटं भावंड, फक्त गाड्यांच्या जागी सोफे. आणि हा प्रकार इथलाच. १९५२ साली रिचमंड गावच्या अँब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्याने स्टीलच्या दोन लांब पिंपांवर लाकडी मंच ठोकला आणि हॉर्सशू लेकमध्ये सोडला. दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी असलेल्या राज्यात आणखी काय हवं?

साशंक : पाँटून घ्यावी की नाही, हा माझा प्रश्नच नाही. कुठली घ्यावी, इथे माझं घोडं अडतं. वीअर्सच्या दोन पिंपांपासून निघून आपण तीन नळकांडी, तीनशे हॉर्सपॉवर आणि डेकखालच्या निळ्या दिव्यांपर्यंत येऊन पोचलो आहोत. दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘माणसं किती?’ तुम्ही मान ताठ करून सांगता, चौदा. झालं, बोट तिथेच ठरली. आता हे चौदा कोण ते मोजू. तुम्ही चौघं, आई-बाबा, शिकागोहून येणारं भावाचं कुटुंब आणि शेजारचे चौघं. हे सगळे एकत्र येतात चार जुलैच्या आठवड्यात. एरवीच्या शनिवारी डेकवर चार माणसं, एक कूलर आणि दहा रिकाम्या जागा. मोसम तरी केवढा? मेच्या अखेरीपासून लेबर डेपर्यंत, फार तर सप्टेंबर संपेपर्यंत. मग इंजिनातलं पाणी काढा, वर प्लास्टिक ताणून घ्या, आणि बोट उंदरांच्या ताब्यात. हे उगाच म्हणत नाही. जुनी पाँटून बघायला गेलात तर सीट उचलून खाली बघा, फोम कुरतडलेला दिसेल. वर्षातल्या एका दिवसासाठी घेतलेल्या मोठेपणाचा हप्ता, विमा आणि पेट्रोल बाकी सगळ्या दिवसांनी का भरायचं?

हौशी : तिसरं नळकांडं माणसं वाढवायला असतं, असं तुम्ही धरून चाललात. ते लाटेसाठी असतं. छोट्या, झाडांनी वेढलेल्या तळ्यावर दोन नळकांडी पुरतात, कबूल. पण मिल लॅक्सवर जा. एक लाख बत्तीस हजार एकर पाणी आणि खोली जेमतेम चाळीस फुटांपर्यंत. अशा उथळ, उघड्या पाण्यावर वारा उठला की लाट आखूड आणि उभी येते. एक ओलांडावी तोवर दुसरी नाकावर. लेक मिनेटोंकावर वाऱ्याचीही गरज नाही. शनिवारी दुपारी बिग आयलंडच्या बाजूला गेलात तर वेकबोटींनी ढवळलेलं पाणी चारी बाजूंनी येतं. दोन नळकांड्यांची बोट त्यात थडथडते, वळताना किंचित बाहेरच्या अंगाला कलते, आणि तेवढ्यानेच आईचा हात कठड्यावर जातो. मधलं नळकांडं जरा मोठं किंवा खाली बसवलेलं असलं की तीच बोट वळणाच्या आतल्या बाजूला झुकते आणि लाट कापत जाते. तुम्ही याला चैन म्हणता. मी म्हणतो, आईने पुढच्या शनिवारी पुन्हा यायला हो म्हणावं यासाठीचा तो खर्च आहे.

साशंक : आईला पुढे करून तुम्ही माझं तोंड बंद करताय. पण नळकांडी किती, हे विचारण्याआधी ती केवढी, हे विचारा. जुन्या आणि स्वस्त बोटींना २३ इंच व्यासाची असतात, आता बऱ्याच ठिकाणी २५ इंचांची येतात. दोनच इंच, असं वाटतं. पण आकारमान व्यासाच्या वर्गाने वाढतं. २३ इंचांचं नळकांडं पूर्ण बुडालं तर दर फुटाला सुमारे १८० पौंड वजन पेलतं, २५ इंचांचं सुमारे २१३. म्हणजे १८ टक्के जास्त. बोट सावकाश जात असताना नळकांडं साधारण अर्धं पाण्याबाहेर असावं. त्याहून खाली गेलं की बोट नांगरासारखी पाणी ढकलायला लागते आणि लाट डेकवर येते. तेव्हा २५ इंचांची दोन घ्या, त्यांत आतून हवाबंद कप्पे आहेत का बघा, पत्रा इंचाच्या दहाव्या भागाच्या आसपास जाड आहे का बघा. मग गुडघे टेकून डेकच्या खाली डोकवा. आडवे बार १६ इंचांवर आहेत की २४? हे बघायला खाली वाकणारं गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिलंय. सगळे कपहोल्डर मोजत असतात.

(लिहिणाऱ्याचं मत विचाराल तर व्यासाच्या मुद्द्यावर साशंकाचं बरोबर आहे. लाटेच्या मुद्द्यावर मात्र त्याने बगल दिली. अर्ध्याच बुडालेल्या दोन मोठ्या नळकांड्यांवरही मिल लॅक्सची आडवी लाट आजीला जाणवायची ती जाणवणारच.)

हौशी : बरं, व्यास मान्य. आता मोटर. वीस फुटी, दोन नळकांड्यांच्या बोटीवर बहुतेक जण साठ हॉर्सपॉवर लावून घेतात, कारण तेवढ्यात किंमत आटोक्यात राहते. चौघांना ती छान फिरवते. आठ जण चढले की हाशहुश करते. मुलांना मागे दोरी बांधून फुगवलेल्या ट्यूबवर बसवा, मग बघा. मुलं पाण्यावर उडण्याऐवजी पाण्यातून ओढली जातात. दहा वर्षांच्या पोराला हे एकदा कळलं की त्याच्या लेखी बोट मेली. ९० ते ११५ हॉर्सपॉवरशिवाय त्या खेळाला मजा नाही, आणि दीडशे लावायची तर सहसा तीन नळकांडी लागतात. शिवाय खेळ बाजूला ठेवा. जुलैतलं वादळ इथे किती वेळ देतं? पश्चिमेला काळं दिसलं की गडगडाट फार लांब नसतो. अशा वेळी घर तीन मैलांवर असेल तर ताशी पंधरा मैलांनी बारा मिनिटं आणि तीसने सहा. उघड्या पाण्यावर, ॲल्युमिनियमच्या बोटीवर, छताच्या नावाने कापडी बिमिनी. त्या सहा मिनिटांची किंमत तुम्हीच लावा.

साशंक : वादळाच्या दिवशी तीन मैल आत असू नये, ही त्याची खरी किंमत, ती फुकट आहे. पण असो, तुमची दीडशेची मोटर धरून चालू. ती बोट घरी कशी आणणार? तुमच्या दारात सिएना उभी आहे. आपल्यातल्या निम्म्या घरांत सिएना नाहीतर ओडिसी असते. ती ओढू शकते साधारण ३,५०० पौंड. वीस फुटी, दोन नळकांड्यांची बोट, साठची मोटर, टाकीतलं पेट्रोल आणि ट्रेलर मिळून त्या आकड्याच्या काठावर बसतात. तीन नळकांड्यांची बावीस फुटी ट्रायटून साडेचार हजारांच्या घरात जाते. म्हणजे तिसऱ्या नळकांड्याबरोबर तुम्ही नवी गाडी घेताय, आणि हे दुकानातल्या कागदावर कुठे लिहिलेलं नसतं. साडेआठ फूट रुंदीची वस्तू मागे लावून आय-९४ वर जायचं, बिमिनी मिटायला विसरलात तर ती चिंध्या होऊन पोचते. मग रॅम्पवर उलटी घ्यायची. मागे सहा गाड्यांची रांग, आणि त्यातला प्रत्येक जण तुमच्या स्टिअरिंगकडे बघतोय.

हौशी : म्हणूनच ओढायची नाही. एका तळ्यावर जागा भाड्याने घ्यायची, लिफ्टवर ठेवायची. दुकानदार मेमध्ये पाण्यात सोडतो, ऑक्टोबरात उचलून नेतो. याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो आपल्या सोयीपुरता नाही. झेब्रा शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जातात ते आपल्यासारख्यांच्या बोटींबरोबर. म्हणून मिनेसोटात तळं सोडताना पाणवनस्पती काढायच्या, बूच काढून पाणी सोडायचं आणि रस्त्यावर बूच काढलेलंच ठेवायचं, असा कायदा आहे. बोट एकाच तळ्यावर राहिली की तो सगळा धोका आणि सगळी धावपळ संपते.

साशंक : आणि निवडही संपते. अकरा हजार तळ्यांच्या राज्यात तुम्ही एकाला बांधले गेलात. शिवाय बघा, तुमच्याच म्हणण्याने तळं आधी ठरलं आणि बोट नंतर. तळं जर घराजवळचं, लहान, मोटरबोटींची गर्दी नसलेलं असेल, तर मिल लॅक्सच्या लाटांसाठी घेतलेलं तिसरं नळकांडं तिथे काय करणार? तळं मिनेटोंका असेल तर तुमचं बरोबर, माझं चूक. मला एवढंच म्हणायचंय की बोटीबद्दल आपण जे बोलतोय त्यातलं निम्मं बोटीबद्दल नाहीच.

हौशी : हे मला पटलं, आणि त्रासही झाला, कारण मी आतापर्यंत तळ्याचं नाव न ठरवता बोटीचे रंग ठरवत होतो. बसायच्या व्यवस्थेबद्दल तरी आपलं जमेल. मला पुढे समोरासमोर दोन सोफे हवेत, मध्ये टेबल. भेळ कालवता आली पाहिजे.

साशंक : भेळ कालवा, पण क्रीम रंगाच्या व्हिनाइलवर नको. हिरव्या चटणीचं मी बोलत नाही, ती पुसता येते. शेवेतल्या नि बटाट्यातल्या हळदीचं बोलतोय.

हौशी : हळद उन्हात फिकी पडते. दोन शनिवार बिमिनी मागे सरकवून ठेवली की डाग कुठे होता तेही कळत नाही. आईची जुनी युक्ती, वाळत घातलेल्या साड्यांवरची.

साशंक : मग सोफ्यांबद्दल वाद नाही. खाली गालिचा मात्र घेऊ नका. तो ओला राहतो, कुबट वास धरतो, आणि त्यात पडलेला चुरमुरा ऑगस्टपर्यंत सापडत नाही. व्हिनाइलची जमीन बादलीभर पाण्याने धुता येते. माझी खरी भीती पुढच्या फाटकाची आहे. पाँटूनला कठड्याच्या बाहेर, पुढे हात-दोन हात डेक मोकळा असतो. मुलांना तिथे बसून पाय पाण्यात सोडायचे असतात, आणि मोठ्यांना ते फोटोत सुंदर दिसतं. बोट चालू असताना वेग जरा कमी झाला किंवा लाट आली की तिथलं माणूस पुढे पडतं, दोन नळकांड्यांच्या मधून बोटीखाली जातं आणि मागे पंखा फिरत असतो. म्हणूनच चालत्या बोटीत तिथे बसणं अनेक राज्यांत गुन्हा आहे. तीच गोष्ट मागची. इंजिन चालू असताना मागच्या फळीला लोंबकळायचं नाही, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो आणि तो पाण्यालगत साचतो. दुकानात हे कुणी सांगत नाही. कारण सपाट डेक घरासारखा वाटतो, हेच तर ते विकत असतात. घरात कुणी लाइफ जॅकेट घालून बसत नाही.

हौशी : दहा वर्षांखालच्या मुलांना इथे चालत्या बोटीवर घालावंच लागतं. बाकीच्यांना सक्ती नाही, पण प्रत्येकाच्या मापाचं एकेक बोटीवर हवं. आईला मी साडीवरून घालायला लावलं तर ती आधी हसेल, मग घालेल. तुमच्या पुढच्या भीतीवर उपाय सोपा आहे : चालू बोटीत पुढचं फाटक बंद, हा नियम. पण यावरून मला तुमच्याविरुद्ध मुद्दा सुचला. किती माणसं याचा आकडा बोटीवरच्या पाटीवर असतो, ‘इतकी माणसं किंवा इतके पौंड’, जे आधी भरेल ते. गंमत म्हणजे केंद्र सरकारची त्या पाटीची सक्ती वीस फुटांखालच्या, एकाच सांगाड्याच्या बोटींना आहे. पाँटून त्यात येत नाही. पाँटूनला ती पाटी मिळते ती नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनच्या प्रमाणपत्रामुळे. आणि पाटीला हे माहीत नसतं की कुणीतरी ‘तो बघा गरुड’ म्हणाल्यावर बारा माणसं एकदम पुढे धावतात. तुमच्या वीस फुटीचं नाक तेव्हाच पाण्यात जातं. मोठी बोट अशा वेळी माणसांचा वेडेपणा पोटात घालते. रोज लागत नाही म्हणून ती ताकद वायफळ ठरत नाही.

साशंक : हा तुमचा आतापर्यंतचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. त्याचं उत्तर मी ‘बारा माणसं घेऊच नका’ असं देऊ शकतो, पण मराठी घरात पाहुण्याला डॉकवर ठेवून निघता येत नाही, हे मलाही माहीत आहे. तरी पैशाचं बोलू या. साधी वीस फुटी मोटरसकट तीस हजार डॉलरच्या आसपास सुरू होते, चांगली ट्रायटून सत्तर-ऐंशी हजारांना सहज भिडते. अर्ध्या दिवसाचं भाडं काही शे डॉलर. तुमचे खरे शनिवार मोजा : पाऊस, ग्रॅज्युएशन पार्ट्या, मंडळाची पिकनिक आणि भारतवारी वजा करा. जे उरतील त्यांना भाड्याने गुणा. लहान बोट घ्या आणि चार जुलैला मोठी भाड्याने आणा, हाही मार्ग आहे. मुलं आज दहाची आहेत, ट्यूबवर किंचाळतात. पंधराची झाली की म्हणतील, तुम्ही जाऊन या. आई-बाबा दर वर्षी येतीलच असं नाही. दीडशे हॉर्सपॉवर आणि चौदा जागा तुम्ही ज्या घरासाठी घेताय, ते घर पाच-सहा वर्षांत दुसरंच असेल.

हौशी : पंधरा वर्षांचा मुलगा येणार नाही, हे तुम्ही कशावरून धरलंत? त्याला बसवायला नेलंत तर नाही येणार. चालवायला दिलीत तर मित्रांना घेऊन येईल. मिनेसोटात १ जुलै २०२५ पासून नवा कायदा लागू झालाय : १ जुलै २००४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने मोठ्यांनाही बोट चालवायचा परवाना लागेल. मुलगा तो अभ्यास करील, परीक्षा देईल, आणि घरात नियम माहीत असलेला तो पहिला माणूस असेल. भाड्याच्या बोटीत त्याचा हात कधी बसणार? बरेच भाडेवाले तर इतक्या लहानांना स्टिअरिंगला हातही लावू देत नाहीत.

साशंक : आता तुम्ही मूळ प्रश्नावर आलात. बोट चालवणार कोण? आपल्या बहुतेक घरांत एकच माणूस चालवतो, सहसा नवरा. बाकीचे सहलीला जातात, तो ड्यूटीवर असतो. १ एप्रिल २०२१ पासून केंद्राचा नियम आहे की २६ फुटांखालच्या बोटीत वेगात असताना चालकाने ती लाल दोरी स्वतःला अडकवायची. तो पडला की इंजिन बंद. चांगला नियम. पण इंजिन बंद झालं, तुम्ही पाण्यात आहात, वारा सुटलाय, डेकवर बायको, दोन मुलं आणि तुमचे बाबा. बोट वळवून तुमच्याकडे कोण आणणार? नंतर ती डॉकला कोण लावणार? पाँटूनला वारा फार लागतो, चारही बाजूंनी कठड्याचे पत्रे म्हणजे शीडच. वीस फुटी हलकी असते. चुकली तर हाताने डॉकपासून ढकलता येते. साडेतीन हजार पौंडांची ट्रायटून हाताने ढकलायला गेलात तर हात चिरडेल. माझी निवड यावरून होते : जे माणूस घरात सगळ्यात कमी बोट चालवतं, त्याला वाऱ्याच्या दिवशी जी डॉकला लावता येईल ती बोट.

हौशी : कसोटी मान्य. पण उत्तर तुमच्या बाजूने लागतं असं नाही. हलकी बोट हाताने ढकलता येते, कारण ती वाऱ्यानेही तितकीच सहज ढकलली जाते. नवशिक्याच्या हातून ती डॉकच्या दहा फूट अलीकडेच बाजूला वाहून जाते, मग तो घाबरून मोटर वाढवतो. ट्रायटून जड असते, वारा तिला उशिरा हलवतो, आणि दीडशेची मोटर उलट्या गिअरमध्ये जरा टेकवली की थांबते. तिला वेळ मिळतो. नवशिक्याला तोच हवा असतो.

साशंक : वेळ मिळतो, पण चूक झाली तर मोठी होते.

हौशी : आणि तुमच्या बोटीत चूक लहान होते, पण वारंवार होते. यातलं घरच्यांना काय सोसेल हे आपण दोघांनी इथे बसून ठरवायचं नाही. जूनमध्ये दोन्ही प्रकारच्या भाड्याने घेऊ, त्याही वारा असलेल्या दिवशी. तुम्ही आणि मी मागे बसायचं. डॉकला लावायला दोन्ही वेळा आपापल्या बायकांकडे द्यायच्या.

साशंक : दोघींचं एकमत झालं नाही तर?

हौशी : तर माझं तिसरं नळकांडं आणि तुमचं भाड्याचं गणित दोन्ही तसंच उघडं राहील. पण चार जुलैला चौदा जण येणारच आहेत, त्यांचं काय करायचं ते मला आधी सांगा.

साशंक : दोन फेऱ्या.

हौशी : आणि पहिल्या फेरीत डॉकवर कोण थांबणार, हे तुम्ही सांगणार का आईला?